सायकल कुणाची घ्यावी?

माणसाला आयुष्यात दोनच जोडे नीट पारखून घ्यावे लागतात, असे आमचे वडील म्हणत. एक पायातला आणि दुसरा जन्माचा. त्यांच्या यादीत सायकल नव्हती. कारण त्यांच्या काळी पुण्यात सायकल पारखून घ्यायची नसे. घरात जी असेल ती चालवायची असे. आमच्या घरची सायकल काळी, उंच आणि वजनाने म्हशीसारखी होती. मी ती आधी दांड्याखालून पाय घालून, मग दांड्यावर आणि शेवटी सीटवर बसून चालवली. सायकल आपल्या मापाची असावी लागते, ही गोष्ट मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हती. ती कशी कळली, तेच आज सांगतो.

यंदा मार्चमध्ये आम्ही उभयता मुलीकडे फ्रान्सला गेलो. तिचे बिऱ्हाड सेंतेत्येनला. ल्योंपासून साठेक किलोमीटरांवरचे हे गाव एके काळी कोळसा, बंदुका, रिबिनी आणि सायकली यांसाठी नावाजलेले होते. फ्रान्समधली पहिली सायकल १८८६ साली गोतिए बंधूंनी इथेच बनवली असे सांगतात. गावच्या संग्रहालयात सायकलींचे दालन आहे. मी तिथे तीन वेळा गेलो, तेव्हा जावईबापूंनी ओळखले की सासऱ्यांना काहीतरी झाले आहे.

झाले होते ते असे. लहानपणी एका इंग्रजी मासिकात मी फ्रेंच शर्यतीचे एक चित्र पाहिले होते. मेंढ्याच्या शिंगासारखे वाकलेले हँडल, करंगळीएवढी चाके आणि वर ओणवा झालेला एक हाडकुळा वीर. तशा सायकलवर एकदा बसायचे ही इच्छा मनाच्या माळ्यावर पन्नास वर्षे पडून होती. मुलीने वाढदिवसाचे पाचशे युरो हातावर ठेवले तशी ती खाली उतरली. जावई म्हणाले, "बाबा, बॅटरीची घ्या, चढ फार आहेत." सौ. म्हणाली, "अहो, रिक्षा मिळत नाही का इथे?" माझी बाजू फक्त नातीने घेतली. ती अकरा वर्षांची असून फ्रेंच शाळेत जाते. तीच माझी दुभाषी झाली.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक गृहस्थ राहत. सत्त्याहत्तरीचे, ठेंगणे, विधुर. जन्मभर साखळ्यांच्या कारखान्यात काम केलेले. नातीने त्यांना माझा बेत सांगितला. त्यांनी माझ्याकडे डोळ्यांकडून नव्हे, बुटांकडून वर पाहत पाहत नजर नेली आणि म्हणाले, "मी बरोबर येतो. एकटे गेलात तर फसाल."

रविवारी आम्ही ल्योंशेजारच्या विलरबान गावच्या जुन्या बाजारात गेलो. तिथे एक प्यूजो उभी होती. पी. एक्स. १०! पांढरीशुभ्र, सांध्यांवर काळा रंग. मोडेलच प्रसिद्ध. एडी मर्क्स १९६६-६७ मध्ये प्यूजोच्याच संघात होता. बेर्नार तेव्हने यानेही १९७५ आणि १९७७ ची तूर द फ्रान्स प्यूजोवरच जिंकली. विकणाऱ्याने ही वंशावळ अशी काही म्हटली की माझा हात पाकिटाकडे गेला. आमचे म्हातारेबुवा मात्र गुडघे टेकून सायकलच्या गळ्याखाली बोट फिरवत होते. हँडलच्या नळीला जिथे खालची तिरपी नळी मिळते, तिथे मागच्या बाजूने त्यांनी माझे बोट ठेवले. रंगाखाली एक बारीकशी वळी लागली, साडीच्या निरीसारखी. मग ते चार पावले मागे गेले आणि बाजूने पुढचा चिमटा दाखवला. तो किंचित मागे रेटलेला होता. सायकल कधी तरी समोरून भिंतीवर किंवा मोटारीवर आदळली होती. रंग नवा, हाडे मोडलेली. "मर्क्सचे नाव वळी सरळ करत नाही," एवढेच बोलून त्यांनी मला तिथून हलवले.

परतीच्या गाडीत ते गप्प होते. घराशी आल्यावर म्हणाले, "खाली या." तिथे प्रत्येक बिऱ्हाडाला तळघरात एक कोठडी असते. त्यांच्या कोठडीत कोळशाच्या जुन्या वासात दोन सायकली भिंतीला टांगलेल्या होत्या. एक निळी जितान. दुसरी जांभळट गुलाबी मेर्सिए, याच गावात बनलेली. म्हातारेबुवा जुलैमध्ये वृद्धाश्रमात जाणार होते. कंबरेचे हाड धड नव्हते आणि पायऱ्या जमत नव्हत्या. "एक तुम्ही घ्या. दुसरी विकीन. पुतण्याच्या हाती लागली तर भंगारात जाईल." किंमत विचारली, तर म्हणाले, "चालती करा आणि मला दाखवायला आणा. तीच किंमत."

आता या दोन सायकलींची कथा ऐकल्याशिवाय माझी पंचाईत कळायची नाही. जितान म्हणजे जाक आंकतिल आणि मेर्सिए म्हणजे रेमों पुलिदोर. एके काळी साऱ्या फ्रान्सची या दोन नावांवरून फाळणी झाली होती. आंकतिल देखणा, थंड डोक्याचा. पाच वेळा तूर द फ्रान्स जिंकलेला. पुलिदोर लिमुझँकडच्या शेतकऱ्याचा पोर. आठ वेळा पहिल्या तिघांत आला; तीनदा दुसरा, पाचदा तिसरा. पण पुढे असलेल्याने घालायचा तो पिवळा सदरा त्याच्या अंगाला उभ्या जन्मात एक दिवसही लागला नाही. तरी लोकांनी 'पूपू' म्हणून डोक्यावर घेतले ते यालाच.

१९६४ च्या जुलैत तर कहर झाला. मोनाकोच्या गोल धावपट्टीवर पुलिदोरने सारा जोर काढून वेग घेतला. पण एक फेरी आधीच! शर्यत संपली असे समजून तो थांबला, आणि टप्पा जिंकून बक्षिसाचा एक मिनिट घेऊन गेला आंकतिल. पुढे १२ जुलैला प्युइ द दोम या जुन्या ज्वालामुखीच्या चढावर दोघे खांद्याला खांदा घासत चढले. शेवटी आंकतिल मोडला. पुलिदोरने त्याच्यावर ४२ सेकंद कमावले. पण पिवळा सदरा १४ सेकंदांनी वाचला, आणि पॅरिसला आंकतिल ५५ सेकंदांनी जिंकला. आता मोनाकोच्या त्या एका मिनिटाचा हिशेब तुम्हीच करा.

तो हिशेब म्हातारेबुवांच्या घरी साठ वर्षे चालू होता. ते पुलिदोरचे, थोरला भाऊ आंकतिलचा. तो सारा उन्हाळा दोघे एका खोलीत झोपून एकमेकांशी बोलले नाहीत. पुढे कमावते झाल्यावर भावाने जितान घेतली, यांनी मेर्सिए. आंकतिल १९६९ मध्ये निवृत्त झाला, १९८७ मध्ये वारला. पुलिदोर २०१९ मध्ये गेला. त्याच्या आदल्या वर्षी भाऊही गेला. तेव्हापासून दोन्ही सायकली एकाच भिंतीवर आहेत.

खरे सांगतो, माझे मन जितानवर जडले. ती चकाकत होती आणि ती विजेत्याची होती. मी बँकेत छत्तीस वर्षे काढली आणि शेवटपर्यंत 'उप' हे अक्षर माझ्या हुद्द्याला चिकटून राहिले. निदान सायकल तरी पहिल्या नंबराची असावी, असे मला का वाटू नये? शिवाय दुसरा एक घोळ होता. भावाची सायकल परक्याने नेली तर म्हाताऱ्याला काय वाटेल? आणि त्यांची स्वतःची नेली तर? त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

मी दोन्ही सायकली खाली उतरवून वकिलासारखी तपासणी केली. दोन्हींच्या मुख्य नळ्या रेनॉल्ड्स ५३१ च्या, म्हणजे बर्मिंगहॅमच्या. फ्रान्सचा अभिमान इंग्रजी नळीवर उभा, हे पाहून जरा बरे वाटले. दोन्हींचे ब्रेक माफाकचे. मेर्सिएच्या मागच्या गियरबदलाचा सँप्लेक्सचा सांगाडा प्लॅस्टिकचा होता, आणि प्लॅस्टिक म्हातारे झाले की तडकते, तसे ते तडकले होते. जितानचे शाबूत होते. टायर दोन्हींचे शिवलेले. ट्यूब आत घालून टायर शिवतात आणि चाकाला डिंकाने चिकटवतात. पंक्चर काढायचे तर आधी शिवण उसवायची. सौ. म्हणाली, "म्हणजे तेही माझ्याच गळ्यात!" एकूण गुणपत्रिकेत जितान बरीच पुढे होती.

शेवटी मी नातीला म्हटले, "विचार त्यांना, कुठली घेऊ?"

म्हातारेबुवांनी कपाटातून एक जाड पुस्तक आणले. मला भिंतीशी अनवाणी उभे केले, पुस्तक मांड्यांमध्ये वरपर्यंत धरायला लावले आणि त्याच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. जमिनीपासून ७९ सेंटिमीटर. "गुणिले शून्य पूर्णांक पासष्ट," ते म्हणाले. आले साधारण ५१. सीटच्या नळीची उंची एवढी हवी. मेर्सिए निघाली ५२. जितान ५८, तिला ८९ सेंटिमीटरचा पाय लागतो. तरीही अस्मादिकांनी हट्टाने जितानवर टांग टाकून पाहिली. दोन्ही टाचा हवेत, आणि दांड्याने जिथे टोचायला नको तिथेच टोचले. नात तोंडावर हात धरून हसली.

म्हातारेबुवा हसले नाहीत. त्यांनी काही सांगितले आणि नातीने ते सावकाश मराठीत आणले: "ते म्हणतात, मी आणि माझा भाऊ जन्मभर दुसऱ्यांच्या पायांवरून भांडलो. तुम्ही आपले पाय बघा."

मेर्सिए घेतली.

दुरुस्तीच्या कथा सांगू लागलो तर अंक पुरायचा नाही. एकच सांगतो, जुनी फ्रेंच सायकल घेणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. पायडले झिजली होती म्हणून मी दुकानातून नवी आणली. बसवताना दोन फेऱ्यांवर अडली. पुण्याच्या सवयीने मी पान्हा लांब धरून जोर लावला. तेवढ्यात मागून अशी आरोळी आली की पान्हा हातातून पडला. नवी पायडले नऊ-सोळांश इंची, जुन्या फ्रेंच क्रँकचे आटे १४ मिलिमीटरचे. फरक तीन दशांश मिलिमीटरचा! आणखी अर्धी फेरी दिली असती तर अॅल्युमिनियमचे आटे कायमचे गेले असते. क्रँकच्या आसाचेही तसेच. इंग्रजी सायकलीत उजव्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते, म्हणून ती चालताना ढिली होत नाही. फ्रेंचांनी दोन्ही वाट्या सुलट ठेवल्या, त्यामुळे उजवी करकचून आवळावी लागते. तेव्हा सायकल घेण्याआधी तिची भाषा विचारावी, आणि अडले तर जोर लावण्यापेक्षा थांबावे. हा उपदेश मला इतरत्रही उपयोगी पडला असता, पण उशिरा मिळाला.

जितान जूनमध्ये विकली गेली. नळदुरुस्ती करणारा एक सहाफुटी तरुण आला. म्हातारेबुवांनी आधी त्याच्याही मांड्यांत पुस्तक धरले. मग विचारले, "आंकतिल ठाऊक आहे?" पोरगा म्हणाला, "कोण?" मला वाटले, झाले, सौदा फिसकटला. म्हातारेबुवा जरा वेळ सीटवरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "पाय लांब आहेत. पुरे." सायकल दाराबाहेर गेली तेव्हा ते खिडकीशी आले नाहीत.

जुलैतल्या दुसऱ्या रविवारी मी किंमत चुकवायला गेलो. गावाच्या दक्षिणेला कोल द ला रेप्युब्लिक नावाचा ११६१ मीटर उंचीचा घाट आहे. १९०३ च्या पहिल्या तूर द फ्रान्सचे वीरही तो चढून गेले होते. मी तो अर्धा सायकलवरून आणि अर्धा सायकलशेजारून चढलो. उतरून तसाच घामाघूम वृद्धाश्रमाच्या अंगणात शिरलो. म्हातारेबुवा बाकावर वाट पाहत होते. त्यांनी चाक उचलून फिरवले, कान लावून आसाचा आवाज ऐकला, ब्रेक दाबून पाहिला आणि मागच्या चाकाची आउट काढायला हवी असे बजावले. मग खिशातून मोबाइल काढून मला एक चित्र दाखवले. २०२१ सालच्या जूनमध्ये पुलिदोरचा नातू मात्यू व्हान डर पूल तूरचा टप्पा जिंकला, त्या दिवसाचे. नातवाच्या अंगात पिवळा सदरा होता. म्हातारेबुवा काही बोलले नाहीत. मीही नातीला भाषांतर करायला सांगितले नाही.

सायकल मी पुण्याला आणली नाही. इथे असले टायर शोधत हिंडण्याचे माझे वय नाही, आणि खरे म्हणजे तिला तिथे काम आहे. मुलीची उंची माझ्यावरच गेली आहे. दर रविवारी ती मेर्सिए घेऊन वृद्धाश्रमापर्यंत जाते. परवा दिवाळीच्या फराळाचे डबे पोचल्याचा फोन आला. त्यातला एक डबा तिकडे जायचा होता. नातीने मध्येच फोन हिसकावला.

"आजोबा, मी आज पुस्तक धरून मोजलं. सहासष्ट. अजून तेरा हवेत."

सौ. मागून म्हणाली, "तिला म्हणावं, आधी चकल्या खा. तेरा काय, पंधरा होतील."