‘एकरंगी’ म्हणजे ‘साधे’ नव्हे

कापडाच्या दुकानात नक्षी, चौकडी वा ठिपके नसलेले कापड हवे असले, की गिऱ्हाईक ‘प्लेन दाखवा’ असे म्हणते. दुकानदारालाही हाच शब्द सवयीचा झाला आहे. या अर्थाचा ‘एकरंगी’ हा नेमका मराठी शब्द कोशात आहे, छापखान्यात आहे. बोलण्यात मात्र तो मागे पडला आहे. ‘प्लेन’ रूढ झाला याचा फार खेद करण्याचे कारण नाही. कापडाच्या व्यापाराने मलमल, किनखाप, साटीन असे कितीतरी शब्द बाहेरून आणले आणि ते मराठीत सुखाने नांदले. खेदाची गोष्ट निराळी आहे. ‘प्लेन’ला मराठीत काय म्हणावे, असे विचारल्यास बहुतेक जण ‘साधा’ असे उत्तर देतात, आणि हे उत्तर चुकीचे आहे.

साधा माणूस, साधे जेवण, साधा ताप या प्रयोगांत ‘विशेष काही नसलेला’ असा अर्थ आहे. कापडाच्या बाबतीत त्याला ‘स्वस्त’ अशीही एक छटा येते. रंगाविषयी हा शब्द काहीच सांगत नाही. रोजच्या वापरातले बारीक फुलांचे सुती पातळ ‘साधे’ असते, पण एकरंगी नसते. उलट एखादी रेशमी साडी एकरंगी असते. तिची किंमत ऐकल्यावर तिला साधी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. एक शब्द डोळ्यांना दिसणारी गोष्ट सांगतो, दुसरा तिची प्रतिष्ठा ठरवतो. इंदूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी भाषकांच्या कानांवर नक्षी नसलेल्या कापडासाठी हिंदीतला ‘सादा’ हा शब्द सतत पडतो. त्यामुळे तेथे हा घोटाळा अधिकच सहज होतो.

‘एकरंगी’ची दुसरी गल्लत ‘एकाच रंगाचे’ या शब्दप्रयोगाशी होते. ‘चार एकरंगी साड्या’ म्हटले तर त्यांतली एक हिरवी, एक जांभळी, एक पिवळी आणि एक निळी असू शकते; प्रत्येक साडी आपल्यापुरती एका रंगाची असली म्हणजे पुरे. ‘एकाच रंगाच्या चार साड्या’ म्हटले तर त्या चारही हिरव्या, किंवा चारही निळ्या. लग्नघरात खरेदीला जाणाऱ्याच्या हाती दिलेल्या चिठ्ठीत हा फरक सांभाळला नाही, तर दुकानात पुन्हा खेप घालावी लागते. व्याकरणाच्या दृष्टीने हा शब्द अगदी सोयीचा आहे. साधा, साधी, साधे अशी रूपे लिंगानुसार बदलतात. ‘एकरंगी’ बदलत नाही. एकरंगी सदरा, एकरंगी साडी, एकरंगी कापड, सर्वत्र तो तसाच राहतो. तो लिहावा मात्र जोडून. ‘एक रंगी’ असे तोडून लिहिण्याची सवय जाहिरातींमुळे लागली असावी.

नेमके कशाला एकरंगी म्हणावे, हे मात्र वाटते तितके सोपे नाही. इरकली लुगड्याचे अंग एका रंगाचे आणि काठ दुसऱ्या रंगाचे असतात. तेथे ‘अंग एकरंगी आहे’ असे म्हणणे रास्त. सबंध लुगड्याला ते विशेषण लागत नाही. पैठणीत आढळणारे धूपछाव कापड तर डोळ्यांना चकवते. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असल्याने दुरून रंग एक भासतो, आणि पदर हलला की दुसरा डोकावतो. छापखान्याचा हिशेब त्याहून वेगळा आहे. तेथे शाई मोजतात, कागद मोजत नाहीत. पांढऱ्या कागदावर निळ्या शाईने छापलेले हस्तपत्रक दोन रंग दिसत असूनही ‘एकरंगी छपाई’चेच ठरते. चित्रपटाला मात्र कोणी एकरंगी म्हणत नाही. तो ‘कृष्णधवल’ असतो, कारण तेथे पांढऱ्यालाही रंगाचा मान आहे. विज्ञानाने ‘एकवर्णी प्रकाश’ असा निराळा शब्द घेतला. त्याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश. बारकाईने पाहता त्यातही ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर अशा दोन अगदी जवळच्या तरंगलांबी सापडतात.

लाक्षणिक अर्थाच्या प्रांतात या शब्दाच्या वाट्याला फारसा न्याय आलेला नाही. ‘दुरंगी’ हा शब्द माणसाला लावला की दुटप्पीपणाचा आरोप होतो. तेव्हा त्याच्या उलट ‘एकरंगी’ माणूस सरळ आणि भरवशाचा ठरायला हवा होता. तसे झाले नाही. समीक्षेत ‘एकरंगी व्यक्तिरेखा’ म्हणजे सपाट, कंटाळवाणी व्यक्तिरेखा. रंग भरणे, रंगात येणे, रंगाचा बेरंग होणे अशा वाक्प्रचारांमुळे मराठी मनाने रंगांची गर्दी म्हणजे आनंद असे समीकरण मांडून ठेवले आहे. निवडणुकीच्या बातम्यांत लढत दुरंगी, तिरंगी, चौरंगी असते. एकरंगी कधीच नसते. एकच उमेदवार उरला की त्याला ‘बिनविरोध’ म्हणतात.

या शब्दाकडे गांभीर्याने पाहण्याचे खरे कारण महाराष्ट्राच्या जुन्या वस्त्रांत दडलेले आहे. चंद्रकळा म्हणजे काळ्या रंगाचे लुगडे. त्यावर कधी खडीचे ठिपके उठवलेले असत, पण भूमी काळीच. संक्रांतीला सुवासिनी ते हौसेने नेसत. आलवण म्हणजे केशवपन केलेल्या विधवेने नेसायचे तांबडे वस्त्र. तेही एका रंगाचे, पण नेसणारीला त्यात निवड नव्हती. १८५६ साली विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली, तरी त्यानंतरही अनेक दशके काही उच्चवर्णीय घरांतून आलवण दिसत राहिले. रंग मोजणाऱ्याला दोन्ही वस्त्रे सारखीच. नेसणारीला त्यांतले अंतर सांगण्याची गरज नव्हती. लोकांनी त्यांना एकाच विशेषणात न गुंडाळता दोन स्वतंत्र नावे दिली, ही भाषेची समज म्हणायला हवी. आलवणाला ‘साधे वस्त्र’ म्हणणारे जुने लेखन आजही वाचनात येते. तेथे ‘साधे’ या शब्दाने एका सक्तीवर सभ्यतेचे पांघरूण घातले आहे. ‘एकरंगी’ हा शब्द असे पांघरूण घालत नाही. तो फक्त रंग सांगतो, आणि तो कोणी लादला हे विचारायला वाचकाला मोकळे ठेवतो.

आज तशी सक्ती नाही. तरीही रंगाचा आग्रह नव्या रूपात दिसतो. या शतकाच्या आरंभी मुंबईतील एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने नवरात्रातील नऊ दिवसांचे नऊ रंग रूढ झाले. त्या दिवसांत लोकलचा महिलांचा डबा कधी सगळाच हिरवा, तर कधी सगळाच केशरी दिसतो. एरवी एकमेकींकडे न पाहणाऱ्या स्त्रिया त्या दिवशी ओळख असल्यासारख्या हसतात, ही त्यातली चांगली बाजू. जिच्या पेटीत त्या दिवसाच्या रंगाची साडी नसते, ती शेजारणीकडून उसनी आणते, किंवा निराळ्या रंगात कामावर जाऊन दिवसभर कारणे सांगत बसते. वर्तमानपत्रे या दृश्याचे वर्णन ‘एकरंगी साड्यांचा मेळा’ असे करतात. त्या डब्यात फुलांची, बुट्ट्यांची, जरीच्या काठांची अशी नाना तऱ्हेची वस्त्रे असतात. एकरंगी साडी त्यांत एखादीच सापडते.