मीठ नेमके कुठले कमी करायचे?

“साहेब, मी वरून मीठ घेतच नाही.” ओपीडीत रक्तदाबाचे रुग्ण हे वाक्य रोज ऐकवतात. ते खोटे बोलत नाहीत. ताटात मीठ वाढून घेतले नाही की झाले, अशी त्यांची समजूत आहे आणि ती आम्हा डॉक्टरांमुळेच झाली आहे. “मीठ कमी करा, टेन्शन घेऊ नका,” एवढे पुटपुटून आम्ही पुढचा केसपेपर ओढतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही पूर्ण नाही. भाजी, आमटी, चटणी, लोणचे, पाव, फरसाण हे सगळे त्यातच आले. पापडात मीठ असतेच, शिवाय पापडखार असतो आणि त्यातही सोडियमच. आपल्याकडे बहुतेक मीठ पानात येण्याआधीच पदार्थात पडलेले असते. काही जण अभिमानाने सांगतात, “आम्ही सैंधव वापरतो.” रंग गुलाबी असला तरी तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. पोटॅशियमयुक्त ‘लो सोडियम’ मिठाचा उपयोग होतो. पण मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणखी एक चूक आम्ही करतो. सल्ला नवऱ्याला देतो आणि स्वयंपाक करणारी बाई पिशवी धरून दाराबाहेर उभी असते. हल्ली मी तिलाही आत बोलावतो. अशाच एका बाईंना मी ठेचा-लोणचे कमी करायला सांगितले. त्या म्हणाल्या, “भाजी नसली की ठेच्याशीच भाकरी खातो आम्ही. ते बी काढलं तर खायचं कशाशी?” आमच्या भिंतीवरच्या आहारतक्त्यात सफरचंद आणि ब्रोकोली आहे. क्षणभर मला उत्तर सुचले नाही.

मग दोघांनी मिळून हिशेब केला. ठेच्यात मीठ निम्मे. लसूण आणि लिंबू जास्त, सोबत कांदा आणि दाण्याचे कूट. लोणच्याची फोड रोज नाही. पापड सणावारी. मुख्य म्हणजे एकट्या नवऱ्यासाठी वेगळे अळणी शिजवायचे नाही; तो चार दिवसांत वैतागतो. सगळ्या घराचे मीठ थोडे थोडे कमी करायचे. काही आठवड्यांत जिभेला सवय होते, मग जुनी चव खारट लागते.

मीठ कमी केल्याने वरचा आकडा साधारण पाचेक मिलिमीटरने उतरू शकतो. वजन जास्त असेल तर कमी केलेल्या प्रत्येक किलोमागे ढोबळमानाने एक. रोज अर्धा तास भरभर चालण्याचाही फायदा होतो. मात्र आकडा नॉर्मल आला म्हणून मनाने गोळी बंद करू नका. बऱ्याचदा तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो.

त्या बाई पुढच्या महिन्यात नवऱ्याला घेऊन आल्या. लोणच्याची बरणी फडताळाच्या वरच्या फळीवर गेली होती. वरचा आकडा 158 होता, तो 146 झाला होता. या वेळी त्यांनी गोळीही एक दिवस न चुकवता घेतली होती, त्यामुळे श्रेय कोणाचे ते सांगणे कठीण. गोळी मी तशीच चालू ठेवली.