फोटो टाका, पण ताळेबंद पूर्ण मांडा



घरात बसून गाडी पळवायचा एक खेळ आता आपल्या जालन्यातही आला आहे. मुलं त्याला सिम रेसिंग म्हणतात. मोठा स्क्रीन, त्याच्यासमोर स्टेअरिंग, पायाशी पेडल आणि लोखंडी सांगाड्यावर बसवलेली सीट. स्टेअरिंगच्या आत मोटर असते, म्हणून वळणावर हाताला खऱ्या गाडीसारखी ओढ जाणवते. माझ्या नातवाने असा जोड जमवला, तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो चौदा नियमांचा. ही सीट 'वाहन'मध्ये धरायची की 'शयन'मध्ये? मी तरी शयनमध्येच धरते, कारण ती जागची हलत नाही!

पण आज मला खेळाबद्दल नाही, त्याच्या फोटोबद्दल बोलायचं आहे. जोड पूर्ण झाला की मुलं लगेच फोटो काढून सगळीकडे पाठवतात. यावर घरात दोन मतं असतात. आजी म्हणते, नजर लागेल, टाकू नकोस. सून म्हणते, हौसेने केलंय, दाखवू द्या की. मला दोन्ही मतं अपुरी वाटतात.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी. ताळेबंदाच्या एका बाजूला मालमत्ता आणि दुसऱ्या बाजूला देणी व भांडवल असतं. दोन्ही बाजू जुळल्याशिवाय काम पुरं होत नाही. हे फोटो म्हणजे नुसती मालमत्तेची बाजू. हप्ते किती राहिलेत, बक्षिसाचे पैसे किती वर्षं साठवले, स्टेअरिंग नवं घेतलं की कुणाचं वापरलेलं, यातलं काहीच त्यात दिसत नाही. पाहणारं पोर मात्र ती अर्धी बाजू घेऊन आईसमोर उभं राहतं, "मलाही पाहिजे." त्या घरात यंदा धंदा मंदा असेल, तर आईने काय करायचं? नाही म्हणावं तर पोर रुसतं, हो म्हणावं तर हप्ता डोक्यावर बसतो.

उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची खूण वस्तूत नाही, आसक्तीत सांगितली आहे. आपल्या घरात वस्तू असेल, पण तिच्या फोटोने दहा घरांत आसक्ती जागी केली तर? श्रावकाच्या बारा व्रतांतलं आठवं, अनर्थदंड विरमण, मला इथे आठवतं. काही गरज नसताना दोष ओढवून घ्यायचा कशाला?

म्हणून फोटो टाकूच नये, असं मी म्हणणार नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये फॉर्म्युला वनच्या शर्यती थांबल्या, तेव्हा काही ड्रायव्हर आपापल्या घरून संगणकावर शर्यती खेळले. ५ एप्रिलची अशी शर्यत शार्ल लक्लेर याने जिंकली. ब्रिटनचा यान मार्डनबरो तर २०११ मध्ये गेमवरची स्पर्धा जिंकून खऱ्या शर्यतींत उतरला. आपल्या देशात फॉर्म्युला वन झाली ती ग्रेटर नोएडाला, २०११ ते २०१३, अवघी तीन वर्षं. मग परतूर-भोकरदनच्या मुलाने हे सगळं पाहायचं कुठे? त्याला दुसऱ्याच्या फोटोवरूनच शिकावं लागतं. तेव्हा फोटो शिकवणारा असावा.

नातवाला मी एवढंच सांगितलं. रंगीत दिवे बंद कर, खिडकीच्या उजेडात काढ. स्क्रीनचा प्रकाश कमी कर, नाहीतर बाकीची खोली काळी येते. एक फोटो बाजूने काढ, म्हणजे सीट आणि पेडल यांतलं अंतर कळेल. शेजारी मोजपट्टी धर. एक वेल्डिंगच्या जोडाचा, एक मागच्या वायरींचा. आपलं जालना लोखंडाचं गाव; चौकोनी पाइपचा सांगाडा इथला कारागीरही करून देतो, बाहेरून महागडा मागवायची गरज नसते, हे त्या पोरांना कळू दे. खाली लिही: खर्च किती, वापरलेलं काय, काय चुकलं आणि परत करावं लागलं. अशा फोटोला मी ज्ञानदान म्हणेन.

आणि आयांनो, पाठवण्याआधी एकदा फोटोची मागची बाजू बघा. तिजोरीचं कपाट, पत्ता लिहिलेलं खोकं, शाळेचा गणवेश घातलेली धाकटी बहीण, यातलं काही त्यात नको. मोबाईलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर जागेची नोंद फोटोतच बसते. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर ती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच राहते. लोकेशन बंदच ठेवलेलं बरं.

हा नियम फक्त मुलांना लावू नका. पर्युषणात अठाईच्या पारण्याच्या सजावटीचे, चांदीच्या ताटांचे फोटो आपणही पाठवतोच. त्याऐवजी उपवासात गरम पाणी कसं सांभाळलं, पारण्याला पहिल्यांदा काय आणि किती घेतलं, हे चार ओळींत लिहिलं तर पहिल्यांदा अठाई करणाऱ्या सुनेला त्याचा उपयोग होईल. यंदा आपल्या ग्रुपवर एवढं तरी सुरू करूया.