दप्तर आणि दप्तरदार

संगणक-क्षेत्रातील नोकरीविषयी आमच्या मध्यमवर्गात गेली पंचवीस वर्षे जी निश्चिंती होती, ती आता उरलेली नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ह्या देशातील सर्वांत मोठ्या संगणक-सेवा कंपनीने जुलै २०२५ मध्ये आपल्या नोकरवर्गापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले; त्यांत मधल्या आणि वरच्या श्रेणींतील लोकच मुख्यत्वे असतील, हेही सांगून टाकले. ज्यांच्या घराचे हप्ते अद्याप फिटावयाचे आहेत आणि ज्यांची मुले महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर आहेत, नेमक्या त्याच वयाचा हा वर्ग होय. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत पसरलेल्या ह्या चिंतेचा विचार करावयाचा, तर 'आयटी' ह्या ढोबळ शब्दाने काम भागणार नाही. एखादा विशिष्ट पेशा समोर ठेवून त्याचे काय होत आहे, हे पाहिले पाहिजे. आम्ही त्यासाठी डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटरचा पेशा निवडीत आहोत. कारण आउटसोर्सिंगने तो आपल्या दारी आणला आणि आता त्याच्याच अस्तित्वाविषयी शंका घेतली जात आहे.

हा मनुष्य करतो काय? बँकेतील खाती, रुग्णालयातील नोंदी, रेल्वेची आरक्षणे अशा माहितीचे जे प्रचंड दप्तर संगणकात असते, त्याचा हा दप्तरदार. दप्तर सुरक्षित ठेवणे, त्याची प्रत वेळच्या वेळी काढणे, कोणास काय पाहू द्यावयाचे ते ठरविणे, दप्तर मंदावले की त्याचे कारण शोधणे आणि ते कोसळले तर पुन्हा उभे करणे, हे त्याचे काम. रात्री दोन वाजता दूरध्वनी खणखणला की उठून बसणारा हाच. एरवी त्याचे अस्तित्व कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ह्या विद्येचा पाया आय.बी.एम.मधील संशोधक एडगर कॉड ह्यांनी १९७० साली लिहिलेल्या एका निबंधाने घातला. १९७९ मध्ये ऑरॅकलने त्या तत्त्वावरील डेटाबेस बाजारात विक्रीस आणला, आणि पुढील वीस वर्षांत बँका व विमा कंपन्यांचे व्यवहार अशा दप्तरांवर चालू लागले. सन २००० च्या संकटाने भारतीय अभियंत्यांची जगाला ओळख करून दिली. समुद्राखालील तारांनी अंतर तोडले. न्यू यॉर्कमधील दप्तर पुण्यातून सांभाळता येते, तेथे रात्र असते तेव्हा येथे दिवस असतो आणि पगारात कित्येक पटींचे अंतर पडते, हे तेथील मालकांनी हेरले. पुण्यात ह्या विद्येचे जाणकार नव्हते असे नाही; डेटाबेस हाच विषय घेऊन अमेरिकेत डॉक्टरेट मिळविलेल्या आनंद देशपांडे ह्यांनी १९९० मध्येच पर्सिस्टंट ही कंपनी पुण्यात काढली होती. परंतु लाटेने जे काम आणले, त्यातील बरेचसे विद्वत्तेचे नव्हते, राखणीचे होते, आणि ते आले त्याला कारण स्वस्ताई हे होते.

ही गोष्ट विसरून चालणार नाही. फ्लॉरिडातील डिस्नेच्या सुमारे अडीचशे संगणक-कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्यात आले आणि जाण्यापूर्वी त्यांतील अनेकांना आपल्या जागी येणाऱ्या परदेशी माणसांस काम शिकवावे लागले, ही हकीकत २०१५ मध्ये अमेरिकेत गाजली. त्या कर्मचाऱ्यांचा अपराध एवढाच, की त्यांचे काम दुसरा कोणी कमी पैशांत करू शकत होता. ज्या तराजूने त्यांचे माप घेतले, तोच तराजू आज आमच्या मुलांपुढे मांडला आहे. फरक एवढाच, की दुसऱ्या पारड्यात ह्या वेळी माणूस बसलेला नाही.

ॲमेझॉनने ऑक्टोबर २००९ मध्ये क्लाउडवर डेटाबेस भाड्याने देण्यास आरंभ केला. यंत्र बसविणे, दुरुस्त्या चढविणे, प्रती काढणे, एक यंत्र बंद पडताच दुसरे सुरू करणे ही कामे भाड्यातच समाविष्ट झाली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ऑरॅकलने तर आपला डेटाबेस स्वतःच स्वतःचा कारभार पाहील, अशी घोषणा केली. त्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्ता आली, आणि चौकशीची वाक्ये लिहिण्याचे कौशल्यही सुलभ झाले. पूर्वी काम एका देशातून दुसऱ्या देशात जात असे. आता ते देशातून यंत्रात जात आहे. व्हिसाचे नियम शिथिल झाले वा कडक झाले, तरी ह्या स्थलांतरास त्याची अडचण पडत नाही.

मग दप्तरदार संपला काय? आमच्या मते, राखणीचे काम संपत आले आहे. जबाबदारीचे काम मात्र वाढत आहे. गिटलॅब ह्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेसच पुसला गेला. प्रती राखण्याच्या एक-दोन नव्हे, पाच व्यवस्था होत्या. प्रसंग येताच एकही धड कामाची ठरली नाही. सुमारे सहा तासांपूर्वी एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी हाताने काढून ठेवलेली प्रत होती, तिने कंपनी तरली. यंत्र प्रत काढते. ती प्रत उपयोगी पडेल की नाही, हे आधीच पाहून ठेवण्याची बुद्धी मात्र माणसाला असावी लागते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. ब्रिटनमधील टी.एस.बी. बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपल्या ग्राहकांचे दप्तर एका संगणक-व्यवस्थेतून दुसरीत हलविले आणि सुमारे एकोणीस लाख लोकांना आपली खातीच उघडता येईनात. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेस ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला. बाहेरच्या कंपनीकडे सोपविलेल्या कामातील धोके बँकेने नीट सांभाळले नाहीत, हाही तिच्यावरील एक ठपका होता. पुढे एप्रिल २०२३ मध्ये बँकेच्या तत्कालीन माहिती-अधिकाऱ्याला व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड भरावा लागला. काम दुसऱ्यास देता येते, उत्तरदायित्व देता येत नाही, हा त्या निर्णयाचा मथितार्थ होय.

आमच्या देशातील कायदाही त्याच दिशेने चालला आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये काढलेल्या निर्देशांत, संगणक-सेवा बाहेर सोपविल्याने बँकेची जबाबदारी कमी होत नाही, असे बजावले आहे. त्याच वर्षी संमत झालेल्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्या संस्थेस अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयचे व्यवहार एका महिन्यात दोन हजार कोटींवर गेले. भाजीवाल्याच्या दिवसभराच्या कमाईपर्यंत सर्व काही जेथे दप्तरात उमटते, तेथे दप्तराची हमी घेणारा कोणी नको, असे कोण म्हणेल?

महाराष्ट्राला हा प्रसंग नवा नाही. गावचे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या कुलकर्ण्याच्या हाती होते. १९५० च्या कायद्याने ते वतन गेले आणि तलाठी आला. आता सात-बारा संगणकावर आला आहे; डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळतो. परंतु फेरफाराची नोंद प्रमाणित करावयास मंडळ अधिकारी लागतोच. दप्तर लिहिण्याची रीत बदलली, लिहिणारा बदलला, वतन तर कायमचे गेले. ह्या नोंदीबद्दल मी जबाबदार आहे, असे म्हणणारा मनुष्य मात्र प्रत्येक व्यवस्थेस लागला. डेटाबेसच्या दप्तरदाराने ह्यातून दोन्ही अर्थ घ्यावेत. त्याची गरज राहणार आहे. त्याचे वतन राहणार नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, की दहांच्या जागी दोनच दप्तरदार लागतील, उरलेल्या आठांनी काय करावे? हा आक्षेप खरा आहे, आणि गोड शब्दांनी तो झाकणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. संख्या घटेल. त्याहून मोठी अडचण अशी, की रात्रपाळीच्या राखणीतूनच आजवर जाणते दप्तरदार तयार झाले. खालची पायरी काढून घेतल्यावर वरच्या पायरीवर चढणार कोण? कंपन्यांनी ह्या प्रश्नाकडे पाठ फिरवली, तर दहा वर्षांनी यंत्रे पुष्कळ आणि यंत्र चुकले हे ओळखणारा एकही नाही, अशी दशा होईल.

तेव्हा ज्याने त्याने आपले कर्तव्य ओळखावे. दप्तरदाराने एका कंपनीच्या एका उत्पादनाची प्रमाणपत्रे जमवीत बसू नये. ज्या बँकेचे वा रुग्णालयाचे दप्तर तो सांभाळतो, तेथील व्यवहार त्याने जाणावा. कोणती माहिती किती काळ ठेवावी, कोणाची परवानगी लागते, ती फुटली तर कोणाचे काय बिघडते, हे त्याला सांगता आले पाहिजे. विद्यापीठांनी अभ्यासक्रमात डेटाबेस मोडून तो पुन्हा उभा करावयास शिकवावे. पाठ केलेल्या व्याख्या आता यंत्रही म्हणून दाखविते. मालकांनी चाळिशी उलटलेल्या माणसाचा अनुभव खर्चाच्या रकान्यात मांडणे सोडावे, आणि कमी करणे अटळच असेल तर त्याला पुरेशी मुदत व शिक्षण द्यावे.

सरकारचे काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत, छाटणी झालेल्या कामगाराच्या पुनर्प्रशिक्षणासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम निधीत भरावी, अशी तरतूद आहे. वीस वर्षांचा पेशा बदलावयास पंधरा दिवसांचे वेतन! तेही सर्वांस नाही. पर्यवेक्षणाचे काम करून महिना अठरा हजारांहून अधिक वेतन घेणारा कामगाराच्या व्याख्येतच बसत नाही. ह्या उद्योगाने आणलेल्या परकीय चलनाचा सरकारने नित्य गौरव केला. ते मिळविणाऱ्यांची वाट अवघड झाली असता कायद्याने त्यांस ओळख न देणे, ही कृतघ्नता होय.

स्वस्ताईने आलेले काम स्वस्ताईनेच जाते. विश्वासाने मिळालेले काम सहसा जात नाही. पुण्या-मुंबईच्या तरुणांनी जगाची दप्तरे स्वस्तात सांभाळून नाव मिळविले. आता ती दप्तरे विश्वासाने सांभाळणारे शहर असा लौकिक त्यांनी मिळवावा, आणि समाजाने व सरकारने त्यांस तेवढा अवसर द्यावा, एवढेच आमचे मागणे आहे.