भूतदया कीं मालकी?

भूतदया हा आपल्या समाजाचा इतका जुना अलंकार आहे कीं, तो सोन्याचा आहे कीं पितळेचा हें कसोटीला लावून पाहण्याची गरज कोणास वाटत नाहीं. ज्यांस ती परीक्षा करावयाची असेल त्यांनीं सोलापुराहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एखादी रात्र काढावी. सुमारें २० किलोमीटरवर नान्नज लागतें. तेथील गवताळ माळ १९७९ सालीं माळढोकासाठीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला. माळढोक आतां दुर्मिळ झाला असला, तरी काळवीट, लांडगा व खोकड यांचें तें घरच आहे. घरांतून रस्ता गेला म्हणजे घरच्यांस तो ओलांडावाच लागतो. मोटारीच्या दिव्यांनीं डोळे दिपलेलें जनावर मधोमध थबकतें आणि चाकाखालीं सांपडतें.

असें जखमी जनावर दिसलें म्हणजे आपल्या सुशिक्षित गृहस्थांचे दोन पंथ होतात. पहिला पंथ “उगाच फौजदारी लचांड नको” असें म्हणून मोटार पुढें हांकतो. या भीतीस कांहीं आधार नाहीं. जखमी प्राण्याची खबर देणें हा कोणत्याही कायद्यानें गुन्हा होत नाहीं. महाराष्ट्राच्या वनखात्यानें त्यासाठीं १९२६ हा दूरध्वनी क्रमांक ठेविला आहे. उलट, प्राणिमात्राविषयीं दया बाळगणें हें नागरिकाचें कर्तव्य म्हणून १९७६ सालींच घटनेंत नमूद झालेलें आहे. तेव्हां कायद्याचें नांव पुढें करून निघून जाणें ही सावधगिरी नव्हे, निव्वळ आळस होय.

दुसरा पंथ पहिल्याहून लोकप्रिय आणि, आमच्या मतें, अधिक घातक आहे. हे दयाळू लोक काळविटाला उचलून गाडींत घालतात, घरीं आणतात, तोंडांत पाणी किंवा दूध ओततात. मुलें भोंवतीं जमतात, छायाचित्रें निघतात आणि सर्वांस पुण्य लागल्यासारखें वाटतें. त्या मुक्या जीवाची काय अवस्था होते? काळवीट हा भयानेंच जगलेला प्राणी आहे. माणसाचा हात लागला कीं त्याच्या लेखीं तो शिकाऱ्याचाच हात. धडपडीनें व भीतीनें त्याचे स्नायू आंतल्या आंत झिजूं लागतात, मूत्रपिंडें निकामी होतात, हृदय बंद पडतें. मोडलेला पाय ज्याला मारीत नाहीं त्याला ही माया मारते. आडव्या पडलेल्या जनावराच्या तोंडांत ओतलेलें पाणी पोटांत न जातां फुप्फुसांत जातें. लांडग्याखोकडांच्या बाबतींत तर चाव्यांतून पिसाळरोगाचेंही भय असतें.

“मग काय डोळ्यांदेखत मरूं द्यावें?” असा प्रश्न येईलच. मुळींच नाहीं! मोटार बाजूस लावून दिवे लुकलुकते ठेवावे, येणाऱ्या वाहनांस इशारा द्यावा, कुत्रीं व बघे दूर ठेवावे, आवाज बंद करावा आणि वनखात्यास कळवून माणसें येईपर्यंत अंतरावर पहारा करावा. यांत शौर्य नाहीं, छायाचित्र नाहीं. म्हणूनच तें कोणी करीत नाहीं. खात्याचीं माणसें कधीं उशिरां येतात, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु त्याचा उपाय प्रत्येक जिल्ह्यांत रात्रंदिवस उघडें असलेलें वन्यपशूंचें उपचारगृह मागणें हा आहे; आपली बैठकीची खोली हें उपचारगृह नव्हे.

सिद्धार्थ व देवदत्त यांची हंसाची गोष्ट आपण मुलांस सांगतों. मारणाऱ्यापेक्षां तारणाऱ्याचा हक्क मोठा, एवढेंच तिच्यांतून आपण उचललें. पण तारणाऱ्यानें त्या हक्काचें काय केलें? पिंजरा आणला नाहीं. हंस बरा होतांच त्याला आकाश परत दिलें. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही वन्यपशू पकडून घरीं बाळगूं देत नाहीं, याचें मर्म हेंच आहे.

आणि खरी दया तर अपघाताच्या आधीं सुरू होते. पेंचच्या जंगलांतून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाखालीं जनावरांसाठीं ९ वाटा ठेविल्या आहेत, आणि वाघसुद्धां त्यांतून ये-जा करतात. वाघासाठीं जें झालें तें माळावरील काळविटासाठीं मागावयास आपणांस संकोच कां वाटावा? आणि तें होईपर्यंत निदान नान्नजच्या माळावरून जातांना रात्रीं वेग कमी करणें तर प्रत्येकाच्या पायाखालीं आहे. जखमी पाडस छातीशीं धरून मिरविणारा गृहस्थ त्याच रस्त्यानें भरधाव परत जात असेल, तर त्याच्या दयेची किंमत वाचकांनींच ठरवावी.