धावताना आलेली चक्कर ‘कमजोरी’ म्हणून सोडून देऊ नका

आपल्या घरांत पोरगा चक्कर येऊन पडला की तीन निदाने तयार असतात. उपाशी होता, नजर लागली, नाहीतर कमजोरी आहे. इलाजही ठरलेले: ग्लुकोज, दम केलेले पाणी आणि सलाईनची बाटली. थोड्या वेळाने पोरगा उठून बसतो आणि सगळे निश्चिंत होतात. बऱ्याचदा त्यात काही बिघडतही नाही. पण एका प्रकारच्या चक्करेबाबत ही निश्चिंती जिवावर बेतू शकते. धावताना, पोहताना, खेळताना, म्हणजे शरीर जोरात काम करत असतानाच शुद्ध हरपली, तर ती हृदयाची हाक आहे असे धरूनच चालले पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही बीडहून कपिलधारला गेलो होतो. बालाघाटच्या डोंगरातले हे ठिकाण मन्मथस्वामींच्या समाधीमुळे लिंगायत समाजाचे तीर्थक्षेत्र आहे, पण पावसाळ्यात धबधबा पाहायला सगळ्याच समाजांची पोरे जातात. माझा वीस वर्षांचा भाचा पोलिस भरतीची तयारी करतो. मित्रांशी पैज लावून तो चढावर धावत सुटला आणि धावता धावताच कोसळला. अर्ध्या मिनिटात शुद्धीवर आला. कोणी कांदा आणला, कोणी चप्पल हुंगवा म्हणाले, फुले विकणाऱ्या एका आजींनी पदराने त्याच्या कपाळावरचे रक्त पुसले. बीडला आल्यावर एका डॉक्टरांनी कमजोरी सांगून सलाईन लावले. आपा मला म्हणाली, “मैदानी चाचणी तोंडावर आलीय, आता तपासण्यांच्या मागे कशाला लागतोस?”

तपासण्या केल्या. साधा ईसीजी नॉर्मल आला. ट्रेडमिलवर वेग वाढताच मात्र ठोक्यांची लय बिघडली. निदान अजून पक्के नाही, लयीच्या विकाराची शक्यता आहे. तोवर धावणे बंद.

इथे फरक नीट समजून घ्यायला हवा. उन्हात बराच वेळ उभे राहिल्यावर, रक्त पाहिल्यावर किंवा रोजात पाणी कमी पडल्यावर चक्कर येते तेव्हा बहुतेक वेळा रक्तदाब तात्पुरता घसरलेला असतो. डोळ्यांसमोर अंधारी येते, घाम फुटतो, मळमळते, म्हणजे आधी सूचना मिळते. शर्यत संपवून एकदम थांबल्यावर पायांत रक्त साठून चक्कर येते, तीही बहुधा याच जातीची. पण पळण्याच्या ऐन भरात, काही सूचना न देता माणूस कोसळला, तर हृदय मेंदूला रक्त पुरवायला काही क्षण कमी पडले असण्याची शक्यता असते. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार साधारण 500 माणसांत एकाला असतो. ‘लाँग क्यूटी’ नावाचा विद्युत विकार साधारण 2000 जणांत एकाला. बाहेरून ही माणसे धडधाकट दिसतात.

‘ईसीजी नॉर्मल आला, आता काय?’ हा युक्तिवाद मी सॉफ्टवेअरवाला म्हणून मानत नाही. साधा ईसीजी सुमारे दहा सेकंदांची नोंद असतो. कधीतरीच येणारा बिघाड शोधायचा तर तो ज्या भाराखाली येतो तो भार द्यावा लागतो, नाहीतर नोंद दिवसभर चालू ठेवावी लागते. ट्रेडमिल आणि होल्टर हेच करतात, इको हृदयाची रचना दाखवतो. कोणती तपासणी आधी करायची हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. आपण त्यांना एकच गोष्ट नेमकी सांगायची: धावताना पडला की थांबल्यावर. पडल्यावर हातपाय झटकले म्हणून ‘मिरगी’ ठरवून वर्षानुवर्षे फिटच्या गोळ्या खाणाऱ्यांतही काही जणांचा खरा दोष हृदयात असतो.

दुसरा प्रश्न घरात विचारायचा आहे. आपल्या खानदानात कोणी तरुणपणी झोपेत, पोहताना किंवा अचानक गेले आहे का? यातले बरेच विकार आनुवंशिक असतात. काही आई आणि वडील दोघांकडून आल्याशिवाय उमटत नाहीत. जन्मजात बहिरेपणासोबत येणारा लाँग क्यूटीचा एक प्रकार तसा आहे आणि तो नात्यातल्या लग्नांमध्ये जास्त दिसतो. चाचा-मामूच्या मुलामुलींची लग्ने आपल्यात होतात, मराठवाड्यातल्या अनेक हिंदू घरांतही मामाची मुलगी करतात. हा कोण्या एका समाजावरचा ठपका नाही. पण अशा घरात मूल जन्मतः ऐकू न येणारे असेल, तर त्याचा ईसीजी एकदा काढलाच पाहिजे.

आता भरतीविषयी. पोलिस शिपाई भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. गुणांसाठी पोरे जीव तोडून पळतात, वैद्यकीय तपासणी मात्र निवड झाल्यावर, शेवटी होते. फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबईत कलिना येथे आणि जून 2024 मध्ये अंबरनाथजवळच्या बाळेगाव येथे भरतीत धावलेले तरुण कोसळून दगावले. त्यांच्या मृत्यूचे कारण हृदयाची लयच होती असे मी म्हणणार नाही, ऊन आणि थकवाही मारतो. पण धावण्याआधी तपासणी का नाही, हा प्रश्न उरतोच. इटलीने 1982 पासून स्पर्धात्मक खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची केली. त्यानंतर व्हेनेतो प्रांतात खेळाडूंच्या अचानक मृत्यूंचे प्रमाण जवळपास नव्वद टक्क्यांनी घटल्याचे तिथल्या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवले. इतका खर्च सरसकट करावा का, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण धावताना एकदा शुद्ध हरपलेल्याला तपासल्याशिवाय पुन्हा पळवू नये, यावर वाद नाही.

घरचे लपवतात ते नोकरीच्या भीतीने, मुलगी असेल तर तिच्या लग्नाच्या भीतीने. ही भीती खोटी नाही. आपल्या मोहल्ल्यातून वर्दीपर्यंत पोचणारी पोरे मोजकीच, त्यातल्या एकाला थांबवणे घराला परवडत नाही. पण निदान म्हणजे आयुष्याचा शेवट नव्हे. फुटबॉलपटू अन्वर अलीला 2019 मध्ये हृदयाच्या स्नायूचा विकार निघाला. महासंघाने खेळ थांबवायला सांगितले, तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला, पुन्हा मैदानात आला, एफसी गोवाकडून आणि 2022 मध्ये भारताकडून खेळला. डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन जून 2021 मध्ये भर सामन्यात कोसळला. छातीवर दाब आणि विजेचा झटका लगेच मिळाला म्हणून तो वाचला आणि शरीरात बसवलेल्या यंत्रासह पुन्हा खेळला. प्रत्येकाला परतता येईलच असे नाही. पण ते ठरवायला आधी निदान तर हवे.

म्हणून तीन कामे. भरतीची तयारी करून घेणाऱ्या प्रत्येक अकादमीने प्रवेशावेळी दोन प्रश्न विचारावेत: धावताना कधी शुद्ध हरपली का, घरात कोणी तरुणपणी अचानक गेले का? ‘हो’ म्हणणाऱ्याला आधी जिल्हा रुग्णालयात पाठवावे. दुसरे, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या आवारात अर्धा तास सीपीआर शिकवावे, आणि बायकांसाठीही तशीच सोय करावी. माणूस हाकेला उत्तर देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर 108 ला फोन करून छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाब द्यायचा, मदत येईपर्यंत. कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात पाणी नाही. तिसरे, मैदानी चाचणीआधी ईसीजी घ्या, अशी मागणी सर्व समाजांच्या तरुणांनी मिळून सरकारकडे करावी.

दुआ जरूर करा. तवक्कुलवर माझाही विश्वास आहे. पण तवक्कुल म्हणजे तपासणी टाळणे नव्हे. मैदानाची तारीख चुकली तर पुढची भरती येईल.