भोक बुजवू नका, डॉक्टरसाहेब!



आधीच सांगतो, हा लेख थोडा रागात लिहिलाय. पण रागाची सुरुवात स्वतःपासून आहे, त्यामुळे सांभाळून घ्या.

दोहा शहरात सी रिंग आणि डी रिंग या दोन मोठ्या रस्त्यांच्या मध्ये अल हिलाल नावाचा भाग आहे. आम्ही तिथे राहतो. उंच कंपाउंडच्या भिंती, आत बंगले, आणि काही भिंतींना लागून ताडपत्रीखाली झाकलेली चाकांवरची घरं. काही गाडीमागे जोडून ओढायची, म्हणजे कॅराव्हॅन, तर काही स्वतःच्या इंजिनावर चालणारी, म्हणजे मोटरहोम. इथल्या कतारी लोकांना हिवाळ्यात वाळवंटात मुक्काम ठोकायची भारी हौस. सरकार दरवर्षी त्याचा हंगाम जाहीर करतं, परवाने देतं, आणि मग ही सगळी घरं दक्षिणेला मसईदच्या पुढे सीलाइनच्या वाळूकडे निघतात. उन्हाळाभर मात्र ती गल्लीत उन्हात भाजत उभी असतात. ऑक्टोबर आला की ताडपत्र्या निघतात आणि आमच्या गल्लीला गॅरेजची कळा येते. कुणाचं छत गळतंय, कुणाचा फ्रिज गार होत नाही, कुणाची बॅटरी मेली. संध्याकाळी खुर्च्या टाकून, चहा-खजूर खात, जो तो आपल्या घराचं दुखणं आणि त्यावरचा इलाज दुसऱ्याला सांगत बसतो.

अशाच एका संध्याकाळी शेजारच्या कतारी काकांनी मला बोलावलं. ते मला 'दुक्तूर' म्हणतात (पीएचडीचा इथे फार मान! पुण्यात एवढा कधी मिळाला नाही). त्यांच्या कॅराव्हॅनमध्ये ओट्याखाली, फरशीत, जाळी लावलेलं एक भोक होतं. त्यातून आत बारीक वाळू येते, काय करू? मी वाकून बघितलं, विचार केल्यासारखं केलं, आणि सांगितलं, "फोम भरा आणि वरून सिलिकॉन मारा. दहा मिनिटांचं काम."

काम करायला आलेले मिस्त्री मल्याळी. वयाने साठीच्या जवळ. सगळे त्यांना इक्का म्हणतात, म्हणजे दादा. ते हातातलं काम टाकून उठले आणि आपल्या गल्फच्या हिंदीत म्हणाले, "डॉक्टर साब, ये बंद मत करो. ये हवा के लिए नहीं है. गैस के लिए है."

मंडळी, त्या क्षणी मला घाम फुटला. शेगडीचा सिलिंडर एलपीजीचा. एलपीजी हवेपेक्षा जड. कुठे जोड सैल झाला, नळी चिरली, तर गॅस वर जात नाही, पाण्यासारखा खाली फरशीवर साचतो. त्याला बाहेर पडायला म्हणूनच ते भोक खालच्या अंगाला ठेवलेलं असतं. ते बुजवलं तर घराची टाकी होते, आणि मग एक ठिणगी पुरते. हे मला माहीत नव्हतं का? होतं हो! माझी पीएचडीच वायूंच्या प्रवाहावर आहे. वर आणखी गंमत ऐका. ते कॅराव्हॅन जर्मनीहून आलेलं सेकंडहँड, त्याचं माहितीपुस्तक जर्मन भाषेत, आणि माझी पीएचडी जर्मनीतली. म्हणजे ते पुस्तक वाचू शकणारा त्या गल्लीत मी एकटाच. नंतर उघडून बघितलं, तर त्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, की ही जाळी झाकू नये. ते मी उघडलंच नव्हतं. इक्कांनी ते आयुष्यात वाचलेलं नव्हतं, पण त्यांना माहीत होतं.

आता याची दुसरी बाजू बघा. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. जनरेटर चालू ठेवून एसी लावून ती झोपली होती. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड फरशीतल्या भोकातून आत शिरला, असं कालिकतच्या एनआयटीच्या तज्ज्ञांनी त्याच गाडीवर केलेल्या तपासणीत दिसून आलं. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जोराने चिकटतो. झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही.

म्हणजे एका घरात फरशीतलं भोक जीव वाचवतं, दुसऱ्या घरात फरशीतलं भोक जीव घेतं. उद्या कुणी तुम्हाला नुसतं सांगितलं, "भोक बुजवा," तर तो अर्धा सल्ला. "भोक उघडं ठेवा," हाही अर्धाच. पूर्ण सल्ला असा: गॅसची खालची जाळी कधीही झाकू नका, आणि म्हणूनच जनरेटर गाडीखाली किंवा गाडीला चिकटून ठेवू नका. तो लांब ठेवा, वाऱ्याची दिशा बघून ठेवा, आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. सल्ल्यामागचं कारण गळून पडलं, की सल्ला उलटा फिरू शकतो. माझं भांडण इथेच आहे.

भांडण दोन प्रकारच्या लोकांशी आहे. पहिले आमच्यासारखे शिकलेले. "कंपनीकडे द्या ना, आपण कशाला हात काळे करायचे?" हे आपलं ब्रीदवाक्य. इंजिनियर झालो, की पाना हातात धरणं हे 'त्यांचं' काम. अरे पण कंपनीला तरी सगळं कुठे ठाऊक असतं? युरोपात बनलेलं कॅराव्हॅन तिथल्या पावसासाठी आणि थंडीसाठी बनवलेलं. त्याचं पुस्तक तुम्हाला पानंपानं सांगतं, की हिवाळ्यात पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून काय करावं. इथे दोह्यात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. इथले प्रश्न वेगळे, आणि त्यांची उत्तरं फक्त इथे वापरणाऱ्यांकडेच आहेत.

काही नमुने देतो. टायरची नक्षी नवीकोरी दिसते म्हणून लोक खूश असतात. पण कॅराव्हॅनचा टायर झिजून मरत नाही, उन्हात उभा राहून म्हातारा होतो. बाजूला लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असं असेल, तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी नव्हे, आधी ते आकडे बघा आणि कडेच्या चिरा बघा. दुसरं, फ्रिज. यातले बरेच फ्रिज कॉम्प्रेसरचे नसतात. १९२२ मध्ये स्वीडनमध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधलेल्या पद्धतीवर चालतात: अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन, हलणारा भाग एकही नाही. त्यात द्रव आपल्या वजनाने खाली परततो, म्हणून गाडी सपाट उभी नसेल तर फ्रिज गार होत नाही, आणि तसाच चालवत राहिलात तर कायमचा बिघडू शकतो. कितीतरी लोक वाळूत तिरकी गाडी लावतात आणि मेकॅनिकच्या नावाने शिमगा करतात. तिसरं, छताच्या सांध्यावर सिलिकॉन मारू नये. आज गळती थांबते, पण पुढच्या वेळी जुन्या सिलिकॉनवर दुसरं काहीच नीट चिकटत नाही, आणि ते खरवडण्यात दोन दिवस जातात. (आणि मी काकांना काय मारायला सांगितलं होतं? असो.)

भांडणातले दुसरे लोक म्हणजे जुगाडाचे भक्त. "आपला भारतीय माणूस तारेने बांधून गाडी काश्मीरला नेतो!" नेतो, कबूल. पण तारेने बांधलेली किती परत आली, त्याचा हिशेब कुठे आहे? पोचलेल्याचा फोटो येतो, दरीत गेलेल्याचा येत नाही. जुगाड करणाऱ्याच्या हाताला माझा नमस्कारच आहे, राग येतो तो त्याची आरती करणाऱ्यांचा. जी दुरुस्ती एकदा चालली आणि पुन्हा तपासली नाही, ती दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आता इक्कांची गोष्ट पुरी करतो. त्या संध्याकाळी मी ओशाळून त्यांच्याजवळ जाऊन बसलो, तेव्हा त्यांनी पिशवीतून एक वही काढली. तेलाचे डाग पडलेली, पुठ्ठा निघालेला, सगळं मल्याळममध्ये. दर पानावर एक गाडी. कुठली, किती साली बनलेली, काय झालं होतं, काय केलं, आणि खाली वेगळ्या शाईत, पुढच्या हंगामात ती पुन्हा आली तेव्हा काय दिसलं. काही ओळींवर काट. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "ये नहीं चला. इसलिए लिखा है."

मंडळी, मी आठ वर्षं संशोधन करतोय. संशोधनाची याहून चांगली व्याख्या मला कुणी दिलेली नाही. आमच्या क्षेत्रातसुद्धा न चाललेला प्रयोग सहसा कुणी छापत नाही. आणि हा माणूस दहावीसुद्धा झालेला नाही. पुढच्या वर्षी तो कायमचा गावी चाललाय. वही त्याच्याबरोबर जाणार. आमच्या गल्लीतल्या पुढच्या मिस्त्रीला सगळं पहिल्यापासून, आणि कदाचित कुणाच्या तरी जिवावर, शिकावं लागणार.

हे बघताना मला माझे काका आठवले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. इंजिनाचा आवाज ऐकून कुठल्या सिलिंडरमध्ये दुखतंय ते सांगायचे. रिटायर झाले, गावी गेले, वारले. आमच्या घरात दोन इंजिनियर. दोघांपैकी एकानेही कधी त्यांच्यासमोर वही घेऊन बसायची तसदी घेतली नाही. मी तर जर्मनीत कंपनांच्या विश्लेषणावर सेमिनार दिला होता, आणि त्याच विषयातला घरचा माणूस पडवीत सुपारी कातरत बसलेला असायचा. दोष दुसऱ्या कुणाचा नाही, आमचाच.

"मराठीत असलं कोण लिहिणार?" असं म्हणू नका. १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं, ते मुळात कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचवायला. पुढे त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं. म्हणजे मराठीतल्या एका नावाजलेल्या मासिकाचं मूळ नांगराच्या कारखान्यात आहे! मग नांगराबद्दल लिहिणारी भाषा गिअरबॉक्सबद्दल लिहिताना का लाजते?

हा प्रश्न आता तुमच्याही दाराशी आलाय. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. उद्या तुम्ही भाड्याचं मोटरहोम घेऊन तारकर्लीला निघाल. जुलैतल्या आंबा घाटात ब्रेक तापले की काय करायचं, कोकणच्या दमट हवेत प्लायवुडच्या भिंतीला बुरशी कुठून सुरू होते, हे जर्मन पुस्तकात नाही आणि दोह्याच्या वहीतही नाही. ते तुम्हालाच लिहावं लागेल.

कायदाही हळूहळू हलतोय. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून ऑगस्ट २०१४ मध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला (पुढे प्रकरण अपिलात गेलं). डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. छान झालं. पण कायदा फार तर कंपनीचं कपाट उघडेल. इक्कांच्या पिशवीतली वही कुठल्याच कायद्याने उघडणार नाही. तिथे कुणीतरी जाऊन बसावं लागतं.

यावर एक आक्षेप मला मान्य आहे: अर्धवट ज्ञानाने माणसं मरतात. खरं आहे, मी स्वतःच त्या गल्लीतला पुरावा आहे. म्हणून गॅस, ब्रेक आणि घरगुती दाबाची वीज या तीन ठिकाणी ऐकीव सल्ल्यावर हात घालू नका, जाणता माणूस बोलवा. पण त्याच्या शेजारी उभे राहा, "का?" असं विचारा, आणि ते लिहून ठेवा. अर्धवट ज्ञानावर गप्प बसणं हा इलाज नाही. उरलेलं अर्धं मिळवावं लागतं.

मी काय करतोय? या हंगामात दर शुक्रवारी इक्कांजवळ बसतो. ते वाचतात आणि हिंदीत सांगतात, मी मराठीत लिहितो. आतापर्यंत अकरा पानं झाली. काट मारलेल्या ओळींसकट.

तुमच्या घरात, गल्लीत, गावात असा एखादा मिस्त्री, फिटर, वायरमन, मोटर रिवाइंड करणारा माणूस नक्की असेल. या रविवारी चाळीस रुपयांची वही घेऊन त्याच्याकडे जा. कुठलं यंत्र, काय झालं होतं, काय केलं, का केलं, आणि सहा महिन्यांनी काय झालं, एवढंच विचारा. लाज वाटली तर माझी आठवण काढा. फरशीतलं भोक बुजवा म्हणणारा पीएचडी!

तूर्तास एवढंच. शुक्रवार आहे, इक्का वाट बघत असतील.